माझो पाय खंय गेलो?

दिवाळीत माहेरी गेले होते. फराळाचं ताट मांडीवर घेऊन पडवीत टेकले, तर भाची पाटावर चढून भिंतीवरच्या फ्रेमला नाक लावून उभी. बराच वेळ काही बोलली नाही. मग एका पायावर डोलत, दुसऱ्या पायाचा तळवा काचेजवळ न्यायचा खटाटोप करत तिने विचारलं, "आत्ये, माझो पाय खंय गेलो?" फ्रेममध्ये तिचं नाव होतं, जन्मतारीख होती, वजन होतं, कोपऱ्यात नारळाची दोन झाडं होती. हे सगळं काळ्या पेनने काढलेलं, जसंच्या तसं. मधोमध जिथे तिच्या बाराव्या दिवशीच्या तळव्याचा ठसा होता, तिथे उरला होता पिवळट कागद. तिरकं होऊन बघितलं तर टाचेच्या जागी एक करडी सावली दिसायची, दहा धुण्यांनंतर सदऱ्यावर चहाचा डाग दिसतो तशी. वहिनी आतून म्हणाली, "तो पाय कधीच गेलो गो, चार पावस बघितलान तेणा." सगळे हसले. मीही हसले. चकलीचा तुकडा मात्र तोंडात तसाच राहिला.

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते. पण मला लागलं, कारण हे काम माझं. रत्नागिरीत माझ्या घरी खिडकीपाशी एक लांब टेबल आहे. त्यावर मी कार्डं करते, बाटल्यांना आणि खोक्यांना बांधायचे टॅग करते, बारशाची, वास्तुशांतीची, गणपतीच्या दर्शनाची आमंत्रणं करते. रबरावर कोरायचं, कागदावर उमटवायचं, विकायचं. ओळखीपाळखीच्या बायका फोन करून विचारतात, "अगं, ठशांसाठी शाई कोणती घेऊ?" मी दर वेळी मोठ्या तोऱ्यात उलटे प्रश्न टाकते. कागद कोणता? किती दिवस टिकायला हवंय? हाताळणार कोण? एवढं कळलं की शाई आपोआप ठरते, असं माझं म्हणणं, आणि ते खोटं नाही. फक्त घरच्या पोरीच्या वेळी हे प्रश्न माझ्या डोक्यात आले होते, उत्तरंही ठाऊक होती, आणि तरी नको ती शाई वापरली.

बारसं जुलैत होतं. वहिनीचं हे दुसरं बाळंतपण, त्यामुळे ते आमच्याच घरी, आचऱ्याजवळच्या वाडीत. आदल्या रात्री एसटीतून उतरले तेव्हा पिशवीत ठसे होते, कटर होता, गोंद होता, पुण्याहून आणलेला हातकागद प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून होता. काळ्या शाईचं पॅड तेवढं रत्नागिरीच्या टेबलावर राहिलं. सकाळी हे लक्षात आलं तेव्हा बाहेर नुसता पाऊस. भाऊ म्हणाला, "शाई ती शाई, त्यात काय?" आणि छत्री घेऊन बाजारात गेला. अर्ध्या तासाने पत्र्याची डबी घेऊन आला. आत ताणून बसवलेलं कापड, जांभळं गर्द. तलाठ्याच्या टेबलावर असतं, सोसायटीत असतं, शाळेच्या दाखल्यावर ज्याचा गोल उमटतो, तेच. मला कळत होतं. पण पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजत होत्या, आणि मुख्य म्हणजे बाळ दूध पिऊन गाढ झोपलं होतं. पायाचा ठसा घ्यायचा तर हीच वेळ. जागं बाळ बोटं आवळून घेतं आणि कागदावर नुसती मूठ उमटते. मी पॅड तळव्यावर हलकेच थोपटलं. पाय कागदावर ठेवायचा नसतो, कागद पायाकडे न्यायचा असतो. पाटीला चिकटवलेला कागद टाचेपासून बोटांकडे नेत टेकवला. हात शिकलेला होता, तो चुकला नाही. तळव्यावरच्या दोन घड्यासुद्धा उतरल्या. बघता बघता मात्र कडा हलायला लागल्या. कागद सादळलेला, हवेतच पाणी. आधी पाच बोटांचे पाच वाटाणे झाले, मग वाटाण्यांना मिशा फुटल्या. जमलेल्या बायकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "लक्ष्मीचो पाय गो बाय!" म्हणून त्यांनी कौतुक केलं आणि मी ते घेतलं.

कौतुक आठवडाभर टिकलं. मग आईचा फोन. "चेडवाच्या पायाक काय लावलंस गो ह्यां? साबू संपलो, पण रंग काय जाणा नाय." तेल लावून झालं होतं, बेसन झालं होतं, दुधाची साय झाली होती. येणारी-जाणारी विचारत होती, पोरीच्या पायाला काय लागलं. पंधरवड्याने कधीतरी तो रंग कातडीबरोबर आपला आपण गेला.

जिथून जायला हवा होता तिथून जाईना, आणि जिथे राहायला हवा होता तिथे राहिला नाही.

हे असं का होतं ते मी नव्या मुलींना स्वयंपाकघरात नेऊन दाखवते. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात कोकमाचं आगळ घालायचं, दुसऱ्यात चमचाभर तांदळाचं पीठ कालवायचं. आगळ पाण्यात मिसळून जातं, पुन्हा वेगळं दिसत नाही. पीठ थोड्या वेळाने तळाशी बसतं. आगळासारखी असते ती डाय शाई: रंग द्रवात विरघळलेला, कागदावर पडला की धाग्याधाग्यांत शिरतो, पटकन वाळतो, आणि उन्हात तसाच पटकन विटतो. पिठासारखी असते ती पिगमेंट शाई: रंगाचे बारीक कण दाट द्रवात तरंगत असतात, ते आत फारसे शिरत नाहीत, कागदाच्या अंगावर बसतात. वाळायला वेळ घेतात, पण एकदा बसले की ऊन त्यांना सहजी हलवू शकत नाही. ऑफिसची जांभळी म्हणजे अस्सल डाय. त्यातला जांभळा आणि लहानपणी तोंड आलं की आई जे जांभळं औषध कापसाने लावायची त्यातला जांभळा, एकाच कुळातले. जिभेवर, ओठावर, उशीच्या अभ्र्यावर ते कसं बसायचं हे ज्याला आठवतं त्याला भाचीच्या टाचेचं नवल वाटायला नको. कातडीला तो घट्ट धरतो. उजेडापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. आणि मी ती फ्रेम लावायला सांगितली ती पडवीत, पश्चिमेच्या खिडकीसमोर, जिथे दुपारी तीननंतर समुद्राकडून आलेलं ऊन भिंतीवर आडवं पसरतं. छान उजेड येतो म्हणून.

पायाचा ठसा म्हटलं की मला खरं तर शाई आठवतच नाही. आठवतं ते गौरीच्या दिवशीचं तांदळाचं पीठ. आई वाटीत पीठ पाण्यात कालवायची, ताकाइतकं सरसरीत, आणि मुठीची करंगळीकडची बाजू त्यात बुडवून तुळशीपासून माजघरापर्यंत टेकवत जायची. उजव्या मुठीचा एक, डाव्या मुठीचा एक. मग बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके. झालं गौरीचं पाऊल. सारवलेल्या जमिनीवर पीठ आधी दिसायचंच नाही, नुसती ओल दिसायची. सुकत गेलं की पांढरं वर यायचं आणि मला दर वर्षी वाटायचं की गौर आत्ता, या क्षणी चालून गेली. माझ्या मुठीचं पाऊल कायम बसकं यायचं, कारण मी पीठ जास्त घ्यायचे. आई म्हणायची, "निथळू दी गो." पॅडवर ठसा दाबू नये, थोपटावा, हे मला पुढे शिकावं लागलंच नाही. संध्याकाळपर्यंत ती पावलं जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांनी, कोंबड्यांनी, झडीने पुसून जायची, आणि कुणाला त्याचं वाईट वाटायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती दिसली असती तर उलट आईने ओल्या फडक्याने पुसली असती. शाई निवडताना 'टिकाऊ' हा शब्द आपण गुण म्हणून वापरतो, त्यावर माझा तेव्हापासून पुरता विश्वास नाही.

आजी सही करायची नाही, अंगठा द्यायची. सोसायटीतला माणूस तिचा अंगठा आपल्या हातात धरून पॅडवर फिरवायचा, मग कागदावर, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे, पोळी लाटल्यासारखा. काम झालं की आजी तो अंगठा केसांना पुसायची. माझ्या ओळखीच्या सगळ्या म्हाताऱ्या असंच करायच्या. डोक्यावरच्या तेलाने शाई सुटते हे त्यांना कुणी शिकवलं असेल? मतदानाची शाई मात्र तेलाने सुटत नाही. ती मैसूरच्या कारखान्यात बनते, १९६२च्या निवडणुकीपासून वापरात आहे, आणि तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीशीच संसार थाटतं, उजेडात उलट काळं होत जातं. नख वाढून कापलं जाईपर्यंत ती जात नाही. उजेडाने एक रंग जातो आणि त्याच उजेडाने दुसरा येतो. आणि बिब्बा? आमच्याकडे परीट कपड्यांवर खुणा करायचा त्या बिब्ब्याने. सुई टोचून काढलेला तेलकट रस, वर चुना. भट्टीत उकळलं, दगडावर आपटलं तरी खूण तिथेच. सदरा विरून जायचा आणि कॉलरच्या आत परटाची दोन टिंबं शाबूत. अंगाला लागला तर मात्र फोड. टिकण्याची किंमत कुणाच्या तरी कातडीने द्यायची, असा तो व्यवहार.

माळ्यावरच्या पेटीत आमच्या घराण्याचे काही मोडी कागद आहेत. वाचता कुणालाच येत नाहीत. जमिनीचे असावेत असं सगळे म्हणतात, कारण आमच्याकडे भांडायला दुसरं काही नव्हतं. कागदाची दशा आहे. कसरीने नक्षी केली आहे, एका कोपऱ्यात वाळवीचा बोगदा आहे, घडीवर हात लावला की चुरा पडतो. अक्षरं मात्र काळी कुळकुळीत. काजळी, डिंक आणि पाणी, एवढ्यावर बनलेली शाई. काजळी म्हणजे कोळसाच, त्याला ऊन आणखी काय करणार? कागद जिथे संपला तिथेच अक्षर संपलं आहे, त्याआधी नाही. शिवकाळातल्या पत्रांवर मजकुराच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा छोटा शिक्का मारत. इथे मजकूर संपला, यापुढे कुणी काही घुसडायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ आणि एवढंच काम. तो शिक्काही आज वाचता येतो. त्या कारकुनाला 'आर्काइव्हल', म्हणजे वर्षानुवर्षं जपून ठेवण्याजोगं, हा शब्द माहीत नव्हता, आणि मी साडेतीनशे रुपयांच्या पॅडवर तो शब्द वाचून भुलते.

पण पिगमेंट घेतली म्हणजे सुटलो असंही नाही, निदान आमच्या हवेत नाही. पॅड सुकू नये म्हणून बऱ्याच पिगमेंट शायांत ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं, आणि ग्लिसरीनचा स्वभाव पाणी ओढून घ्यायचा. पुण्या-नाशकाकडे कोरड्या हवेत दहा मिनिटांत हात लावता येणारं कार्ड आमच्याकडे श्रावणात दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतं. चकचकीत कागदावर तर ते कधीच वाळत नाही, नुसतं वाळल्याचं सोंग करतं. पहिल्या वर्षी गणपतीच्या दर्शनाची साठ आमंत्रणं मी अशीच केली. मोदकाचा ठसा, दाट तांबडी शाई, गुळगुळीत कार्ड. रात्री पंख्याखाली पसरून ठेवली, सकाळी एकावर एक रचली. दुपारी उघडली तर प्रत्येक मोदकाच्या पाठीवर दुसरा मोदक. साठातली एकेचाळीस फुकट. तेव्हापासून पावसाळ्यात माझ्या टेबलावर दोनच गोष्टी चालतात. एक तर व्हर्साफाईनसारखी तेलावरची पिगमेंट शाई आणि जरा खरबरीत, पाणी पिणारा कागद. नाहीतर एम्बॉसिंग. ओल्या चिकट शाईवर पावडर भुरभुरवायची, जादाची झटकायची आणि हीट गनने खालून ऊब द्यायची. एका क्षणी ते रवाळ मळकं दिसणारं काहीतरी अचानक विरघळून चमकायला लागतं, पाकातल्या साखरेसारखं. तो क्षण अजूनही मी श्वास धरून बघते. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही. त्याचा वारा फार आणि आच कमी, पावडर टेबलभर होते. आणि पावसात आणखी एक: कागदच ओलसर असला तर पावडर जिथे शाई नाही तिथेही चिकटते. म्हणून कागद आधी तव्याच्या उबेवर धरते, पापड धरावा तसा, मग त्यावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवते. घरात भाजल्याचा आणि पावडरचा मिळून एक विचित्र वास सुटतो. नवरा म्हणतो, न्हाऊ घातलेलं बाळ भाजतेयस की काय.

चुकांची यादी करायची नाही, पण कोकम सरबताच्या बाटल्यांचा किस्सा सांगते. बांदिवड्याकडच्या एका ताईंनी टॅग मागितले होते. तपकिरी क्राफ्ट पेपर, त्यावर कोकमाचं फळ. मी हौसेने लाल डाय वापरली. तपकिरीवर ती लाल दिसेचना, वाळलेल्या रक्तासारखी दिसली. असल्या कागदावर अंगावर बसणारा, अपारदर्शक रंगच हवा, पांढरा असेल तर उत्तमच. ते निभावलं असतं, पण बाटल्या फ्रिजमधून निघाल्या, अंगाला घाम आला, टॅग भिजले आणि गिऱ्हाइकांची बोटं लाल. ताई फोनवर रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "लोकांक वाटता कोकमाचोच रंग." हे रागावण्याहून वाईट. आता बाटलीवर थेट उमटवायचं असेल तर स्पिरिटवरची, काचेवरही पक्की बसणारी शाई वापरते, खिडकी उघडी ठेवून, डोकं दुखायच्या आत. आणि तिच्यासाठी लाल रबराचे जुने ठसे. पारदर्शक ठसे त्या शाईने आणि ती धुवायच्या द्रावणाने खराब होतात, तो पैसाही मी भरून झालाय.

दिवाळीहून परतल्यावर डोक्यातून तो प्रश्न जाईना. 'माझो पाय खंय गेलो.' डिसेंबरात एक पट्टी केली. भाचीच्या फ्रेमसाठी वापरला होता तसाच हातकागद, त्यावर एकच नारळाचं झाड नऊ वेळा. ऑफिसची जांभळी, ऑफिसची लाल, कार्डांसाठीची डाय, पिगमेंट काळी, तेलावरची काळी, स्पिरिटवरची. मग हट्टाने तीन घरच्या: आगळ, हळदीचं पाणी, आणि समईवर धरलेली काजळी डिंकात घोटून. प्रत्येक झाडाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि पट्टी पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला लावली. हळद आठवड्यातच फिकी पडली. इतकी वर्षं जी बोटांवरून, पंचावरून, ओट्यावरून घासून जात नाही ती उन्हाने काही दिवसांत उतरवली. आगळाचं झाड कागदावर टेकताच लालचं करडं-निळं झालं, कागदात खडूची पूड असणार, कोकमाचा आंबटपणा तिच्यापुढे हरला. जांभळ्याने जानेवारीत मान टाकली. आधी निळसर झाला, मग करडा, मग नुसता संशय. एप्रिलमध्ये काळा कागद सोलला. पिगमेंट, तेलावरची आणि काजळी, तिघींत झाकलेला अर्धा कुठे संपतो आणि उघडा कुठे सुरू होतो ते भिंग लावूनही सांगता येईना. जांभळ्याचं अर्धं झाड असं गडद, ओलं असल्यासारखं, आणि मधोमध रेघ मारून पुढे काही नाही. त्या रेघेकडे मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. रंग गेला तो शाईमुळे असं मी समजत होते. पण झाकलेला अर्धा तर तिच्यातच होता, चार महिने, हूं की चूं न करता.

मे महिन्यात माहेरी गेले ती या वेळी पॅड घेऊनच. काळं, नवं, पिशवीत सगळ्यात वर. ठरवलं होतं की फ्रेम उतरवायची, जुना कागद काढायचा आणि नव्यावर आजच्या पायाचा ठसा घ्यायचा. पोर जुलैत पाचची होईल, बाराव्या दिवसाचा पाय आता कुठून आणणार? पण रिकामी फ्रेम तरी दिसणार नाही. दुपारी सगळे आंब्याच्या पेंढ्यात हात घालून पिकलेले निवडत बसले होते तेव्हा मी पडवीत फ्रेम पालथी घातली. मागच्या पट्टीचे खिळे गंजून फुगले होते, पकडीने एक एक उपटला. हार्डबोर्डाला बुरशीचा वास. कडेने एक कसर पळाली. कागद काचेला चिकटला असेल या भीतीने नखाने कोपरा उचलला आणि उलटा बाहेर काढला.

पाठीवर पाय होता.

जांभळा. बारशाच्या दिवसाइतका नाही, पण टाच, मधली खोलगट पोकळी, वाटाण्यांची रांग, मिशांसकट. त्या दिवशी पावसाळी हवेत ज्या शाईने कागदात पाणी मुरावं तशी आत धाव घेतली होती आणि मी मनात तिला शिव्या घातल्या होत्या, ती या बाजूपर्यंत येऊन थांबली होती. इकडे हार्डबोर्डचा अंधार. काळं पिगमेंट असतं तर ते पुढच्या बाजूला चांगलं राहिलं असतं, पण पाठ कोरी असती.

भाची आंब्याचे हात तसेच घेऊन धावत आली. कागद तिच्या हातापासून वाचवून मी जमिनीवर ठेवला. तिने बराच वेळ बघितलं, मग शेजारी आपला उजवा पाय ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. अंगठा भलत्याच बाजूला. डावा ठेवला, तो जुळला. "पण आई सांगता माझो उजवो घेतलंस," ती म्हणाली. ठसा मागून बघतोय म्हणून उलटा दिसतोय, हे मी तिला आरसा आणून समजवायला लागले. तिला ते पटलं नाही. तिच्या मते तो डावाच होता आणि मोठी माणसं विसरली होती. पाच वर्षांची होत आलेली टाच त्या अख्ख्या पावलावर ठेवली की पाऊल दिसेनासं होत होतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा ठेवत होती आणि उचलत होती.

मी पिशवीतून काळं पॅड काढलं. झाकण उघडून दाखवलं. आता मोठ्या पायाचा घेऊ, म्हटलं, हा कध्धी जायचा नाही. तिने आत डोकावलं.

"काळो नको. माका जांभळोच व्हयो."

मी भावाकडे बघितलं, भावाने वहिनीकडे. वहिनीने हात वर केले. आईने काही न बोलता कपाटातून खोबरेल तेलाची बाटली आणि एक जुना पंचा आणून पायरीवर ठेवला, आणि भाऊ चपला शोधायला लागला.